सत्यप्रत घेऊन फ्रान्सला

न सांगता परदेशात जाणाऱ्या मुलीला काय म्हणावं, हे तुळसाबाईंना कळेना. तशी त्यांची नात क्षितिजा परदेशातच होती, जर्मनीत शिकत होती. पण तिथून आणखी परदेशात जायचं, म्हणजे पाहुणी म्हणून एका घरी उतरायचं आणि न विचारता शेजारच्या घरात जेवून यायचं! आणि हे कळलं कुणाकडून? तर भाईंदरच्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या, समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेनकडून.

"तुळसाबेन, तमारी क्षितिजा तो फ्रान्स पहुँच गई!" रविवारी दुपारी हंसाबेनने दारातूनच मोबाइल पुढे धरला. स्टेटसवर क्षितिजा एका आभाळाएवढ्या चर्चपुढे उभी राहून डब्यातलं धपाटं खात होती.

"मालूम है," तुळसाबाई म्हणाल्या. "मेरेको पूछकेच गई."

दार लागलं तसं त्यांनी मुलाला धारेवर धरलं. धम्मपाल दुसऱ्या पाळीला निघण्यासाठी बूट घालत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"अगं आई, शनिवार-रविवारची ट्रिप. एकदम स्वस्तातली. विद्यार्थ्यांच्या पासावर नदीपर्यंत ट्रेन, पुढे पुलावरून चालत फ्रान्स. जेवण घरून नेलेलं."

"चालत? आपण इथल्या इथे डोंगरी गावात जायचं तरी बस धरतो, आणि ही चालत दुसऱ्या देशात गेली?"

"पूल छोटा आहे, आई."

"पूल छोटा असेल. देश छोटा आहे का?"

धम्मपालने बुटाची नाडी आवळून लिफ्ट गाठली.

संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. पडद्यावर क्षितिजाचा चेहरा, पण रंग उडालेला.

"आजी, बाबा कुठायत?"

"ड्युटीवर. तू कुठायस, फ्रान्सच्या बाईसाहेब?"

"आजी, आधी ओरडू नको. पोलिसांनी अडवलंय. येताना, पुलाच्या जर्मनीकडच्या टोकाला. पासपोर्ट मागितला."

"मग दे की."

"झेरॉक्स दिली. तूच म्हणाली होतीस ना."

म्हणाल्या होत्या. एकदा नाही, शंभरदा. तीस वर्षांपूर्वी जालन्याहून मुंबईला येताना त्यांच्या नवऱ्याची, श्रीपतींची, पिशवी एसटीत हरवली आणि तिच्यात जातीचा अस्सल दाखला होता. दुसरा मिळेपर्यंत चौदा महिने गेले, हातची नोकरी गेली ती वेगळीच. तेव्हापासून घरात एकच कायदा होता: ओरिजिनल घरी, झेरॉक्स पर्समध्ये. क्षितिजा निघाली तेव्हा पासपोर्टच्या आणि नंतर तिथे राहायच्या कार्डाच्याही झेरॉक्सा निघाल्या. पासपोर्टच्या झेरॉक्सवर तर तुळसाबाईंनी जवळच्या शाळेतल्या मोरे गुरुजींकडून 'सत्यप्रत' असा शिक्का मारून आणला होता. निळ्या शाईचा, ठसठशीत.

"शिक्का दाखवलास का?"

"दाखवला. त्याने उलटसुलट करून बघितला. मग दुसऱ्याला बोलावलं. त्यानेही बघितला."

"खाली गुरुजींची सही आहे म्हणावं!"

"आजी, ते मोरे गुरुजींना ओळखत नाहीत. ओरिजिनल आणून दाखवलं तर सोडतील. उद्या सकाळी परीक्षा आहे, चुकली तर पुढच्या वर्षी. इशिता रूमवर आहे, पण फोन उचलत नाहीये, दुपारची झोपली असेल. माझी बॅटरी चाललीय. तू तिला लावत राहा आणि सांग, कुठे..."

पडदा काळा झाला.

इशिता ही क्षितिजाच्या खोलीतली इंदूरची मुलगी. तिचा नंबर तुळसाबाईंनी पहिल्याच आठवड्यात मागून घेतला होता, नातीवर लक्ष ठेवायला म्हणून. वाचायला त्यांना वेळ लागे, पण फोटो ओळखून त्यांनी बोट दाबलं. आठ वेळा रिंग वाजून बंद झाली. नवव्यांदा पडद्यावर जांभई देणारी इशिता दिसली.

तुळसाबाईंनी सगळं सांगितलं. इशिता ताडकन उठली. "दादीजी, पासपोर्ट रखा कहाँ है? उसने मुझे कभी बताया ही नहीं."

बताया नव्हतं, कारण तुळसाबाईंचीच ताकीद होती: खोलीतल्या मुलीला कळता कामा नये. त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

"चावल के डिब्बे में."

"कौन-सा? बड़ावाला? उसमें से तो मैं रोज़ निकालती हूँ!"

"ऊपर ऊपर से निकालती है, बेटा. नीचे तक हाथ डाल."

इशिताने बाही सरकवली. तांदूळ फरशीवर सांडल्याचा आवाज आला आणि तशाही घाईत तुळसाबाईंचा जीव हळहळला. मग पिशवी निघाली, पिशवीत पिशवी, तिच्यात ब्लाउजपीसची गाठ, गाठीत पासपोर्ट आणि कार्ड.

"मिल गया! दादीजी, मेरे से छुपाके रखा था?"

"तेरे से नहीं, चोर से," तुळसाबाई म्हणाल्या. "अब भाग."

मग त्या फोनपाशी बसून राहिल्या. चहा केला नाही, मालिका लावली नाही. हंसाबेनने बेल वाजवली तर दार उघडलं नाही. धम्मपालचा फोन आला तेव्हा "भाजी करतेय" म्हणून ठेवून दिला. गॅसवर काही नव्हतं.

साडेआठनंतर इशिताच्या फोनवरून क्षितिजा बोलली. "सोडलं, आजी. ट्रेनमध्ये बसलोय. साहेबाने पासपोर्ट उघडला तर टेबलावर तांदूळ पडले." ती हसायला गेली आणि रडली. "माझंच चुकलं. न सांगता गेले. परत कुठे जाणार नाही."

ही कबुली पदरात पाडून घेणं सोपं होतं. झेरॉक्सचा कायदा कुणाचा, हे बिल्डिंगमध्ये कुणाला कळणार होतं? पण हा आवाज तुळसाबाईंच्या ओळखीचा होता. त्या चौदा महिन्यांत श्रीपती कचेरीतून घरी यायचे ते असेच, दुसऱ्याच्या चुकीचीही माफी मागत.

"डोळे पूस," त्या म्हणाल्या. "फ्रान्सला जायचं. दर शनिवारी जा, चालत जा. न सांगता गेलीस ते मी माफ केलं. पण झेरॉक्स नेलीस ते नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, तू कुठं शिकतेस? तोंडावर म्हणायचं होतंस, आजी, तुझी अक्कल भाईंदरच्या पुढं चालत नाही! एवढी शिकलीस आणि अजून मुकाट माझं ऐकतेस? मूर्ख आहेस तू, क्षितिजा."