हात लावू नये

नानांच्या घरात मीठ कुठलं आणि साखर कुठली हे चाखून बघायची वेळ कुणावर येत नसे. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. नळांवर चिठ्ठ्या होत्या ("उलटा फिरतो"), दिव्यांच्या बटणांवर होत्या, छत्रीच्या दांडीवरसुद्धा होती. चौतीस वर्षं सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून काढलेला माणूस तो. निवृत्त झाला म्हणून त्याचे हात स्वस्थ बसतात थोडेच! घरातले पाठीमागे त्यांना चिठ्ठीमास्तर म्हणत. नानांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

मागच्या खोलीच्या दारावरही एक चिठ्ठी होती: "ऑफिस. काम चालू आहे. दार वाजवून यावे." ती खोली सुनेची. घरांची, दुकानांची आतली रचना ती कॉम्प्युटरवर उभी करायची आणि भिंती बांधायच्या आधीच माणसाला त्यांच्यामधून फिरवून आणायची. नातेवाईक म्हणायचे, घरात बसून कॉम्प्युटरवर खेळते. तिनं काम सुरू केलं त्याच दिवशी नानांनी ती चिठ्ठी डकवली होती, आणि तेव्हापासून स्वतः नानाही दार वाजवल्याशिवाय कधी आत गेले नव्हते.

त्या दिवशी मात्र दार वाजवायला उसंतच मिळाली नाही. दुपारी दोनच्या सुमाराला ते धाडकन उघडलं आणि सून बाहेर आली.

"नाना, मेला!"

"कोण?" नानांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

"कॉम्प्युटर! आधी पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि मग सगळा काळोख. आत घरघर चालू आहे, चित्र मात्र नाही. आणि चार वाजता डॉक्टरीणबाई यायच्यात!"

या डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांचा अख्खा नवा दवाखाना सुनेनं उभा केला होता, आणि आज त्या तो बघायला येणार होत्या. आवडला तर काम तिचं, आणि आजवरचं सगळ्यांत मोठं काम. बाई संध्याकाळीच परगावी निघणार होत्या. जायच्या आधी काम कुणाला द्यायचं ते ठरवून टाकणार होत्या. दुसरा एकजण टपून बसलेलाच होता. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नानांचा मुलगा नेमका कामानिमित्त बाहेरगावी. त्यानं फोनवर ऐकलं आणि सांगितलं, "ग्राफिक्स कार्ड गेलं असणार. कुठलं आहे ते बघ आणि तसलंच आण. मी मीटिंगमध्ये आहे गं." आणि फोन बंद.

"कार्ड म्हणजे काय?" नानांनी विचारलं.

"पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. वेगळा बसवलेला असतो."

"म्हणजे सुटा भाग!" नाना ताडकन उभे राहिले. "मग आधी नाही का सांगायचं? आण तो स्क्रू ड्रायव्हर."

वीज बंद करून नानांनी मागच्या वायरी काढल्या, कॅबिनेट टेबलावर आडवं घातलं आणि बाजूचा पत्रा सरकवला. निघालेले स्क्रू वाटीत पडले, वाटीवर चिठ्ठी लागली: "कॉम्प्युटरचे स्क्रू, दोन." सून म्हणाली, "नाना, दोनच तर आहेत!" नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आत धूळ होती, आणि धुळीत एक काळी जाडजूड पट्टी आडवी बसली होती, दोन पंखे असलेली. तेच कार्ड. त्यावर नाव-नंबर असायला हवा होता, पण कंपनीचं स्टिकर अर्धं फाटलेलं. शेजारी वाळलेल्या डिंकाचा डाग.

"इथे माझी चिठ्ठी होती," नाना पुटपुटले. "यालाच कार्ड म्हणतात होय! दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या माणसानं हे बसवलं तेव्हा मीच लावली होती. गेली कुठे?"

"चिठ्ठीचं सोडा हो आता! नंबर नाही तर आणायचं काय?"

"हेच न्यायचं." नानांचा आवाज एकदम गोदामातला झाला. "जुना भाग काउंटरवर आल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा आमचा नियम. चौतीस वर्षांत एकदाही चुकीचा माल दिला नाही मी."

पण कार्ड निघता निघेना. मागचा स्क्रू काढला तरी ते जागचं हलेना. नानांनी जोर लावला तशी सून किंचाळली, "तुटेल!" नानांनी चष्मा पुसला, बॅटरी लावून आत डोकावले, आणि खाचेच्या टोकाला दडलेला एक इवलासा खटका त्यांना दिसला. तो दाबला, आणि कार्ड अलगद हातात आलं. मग त्यांनी आतली मोकळी जागा पट्टीनं मोजली, वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा आकडा वहीत टिपला, कार्ड स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि निघाले.

"तू बोलायची तयारी कर," दारातून ते म्हणाले. "मालाचं मी बघतो."

दुकानात काउंटरमागे डोक्यावर चष्मा चढवलेल्या एक बाई होत्या. स्टिकर फाटलेलं बघून त्या जराही गडबडल्या नाहीत. कार्ड उलटं करून मागच्या बाजूला बारीक छापलेला नंबर त्यांनी वाचला. "वीज किती वॅटची? आत जागा किती?" नानांनी वही पुढे केली: साडेचारशे वॅट, सव्वाअकरा इंच. बाईंनी भुवया उंचावल्या. "अशी गिऱ्हाइकं आली ना, की दुकान चालवावंसं वाटतं." नाना मूठभर मांस चढल्यासारखे ताठ उभे राहिले.

तेवढ्यात बाईंनी कार्डाचा एक पंखा बोटानं फिरवून पाहिला. तो फिरला नाही. त्यांनी चिमटा आत घातला आणि करपून तपकिरी झालेली कागदाची एक सुरळी बाहेर ओढली.

"हा बघा गुन्हेगार! पंखा अडकला, कार्ड तापलं, जळलं." त्यांनी सुरळी उलगडली. "'हात लावू नये.' अक्षर मात्र सुरेख आहे हो. कुणाचं?"

"असेल कुणाचं तरी," नाना म्हणाले. नवं कार्ड पिशवीत घातलं, चिठ्ठी गुपचूप खिशात घातली आणि बाहेर पडले.

घरापर्यंतची वाट दहा मिनिटांची, पण आज ती संपेना. सांगायचं की नाही? कुणी पाहिलेलं नाही. दुकानातल्या बाई काही घरी येऊन सांगणार नाहीत. पण खिशातली चिठ्ठी नुसती टोचत होती. पोरीनं दोन महिने डोळे फोडून काम केलं, आणि आपण त्यावर आपल्या हातानं डिंक फासला! नानांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी साडेतीन वाजले होते. कार्ड खाचेत बसलं, खटका टक्क वाजला, वीज जोडणारी वायर लागली, स्क्रू वाटीतून परत जागेवर गेले. नानांनी मागच्या वायरी ओळीनं लावल्या आणि सुनेनं बटण दाबलं. दोन्ही पंखे भिरभिर फिरले.

पडदा काळाच.

सून मटकन खुर्चीत बसली. "संपलं, नाना. चुकीचं कार्ड दिलं त्यांनी."

"शक्यच नाही. माल बरोबर आहे." नाना कॅबिनेटच्या मागे वाकले. पडद्याची वायर त्यांनी आत्ता जिथे लावली होती तिथे वर त्यांचीच चिठ्ठी होती: "पडदा इथे." ती त्यांनी कॉम्प्युटर नवा आला तेव्हा लावली होती. तेव्हा कार्ड नव्हतंच. कार्ड आल्यावर दुकानातल्या माणसानं वायर खाली कार्डात लावली, चिठ्ठी मात्र वरच राहिली. आणि आज नानांनी डोळे झाकून आपल्याच अक्षरावर विश्वास ठेवला होता.

त्यांनी ती चिठ्ठी फर्रकन ओढून काढली. मग खिशातली दुसरी काढली आणि दोन्ही सुनेच्या हातावर ठेवल्या.

"ही चुकीची आहे. आणि ही पंख्यात सापडली. कार्ड मी जाळलं गं. चुकलं माझं."

सुनेनं चिठ्ठी वाचली. तिचा चेहरा लाल झाला. "नाना, तुम्ही पण ना...!" घड्याळाकडे बघून ती ओरडली, "आधी ती वायर खाली लावा!"

वायर खाली लागली आणि पडदा उजळला. दवाखान्याच्या निळ्या भिंती, रोग्याची खुर्ची, खिडकीतून येणारा उजेड, सगळं जागच्या जागी. नानांचा जीव भांड्यात पडला.

चारच्या ठोक्याला ऑफिसच्या दारावर टकटक झाली. "बाहेर लिहिलंय म्हणून वाजवलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तासाभरानं त्या निघाल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करा."

सून खुशीत बाहेर आली तर नाना घरात नेहमीच्या जागी नाहीत. ते हातात ओला बोळा घेऊन स्वयंपाकघरात चिठ्ठ्या सोलत होते. नळावरची गेली, बटणांवरच्या गेल्या. मग ते मागच्या खोलीच्या दाराशी आले आणि त्यांनी तिथल्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात नख घातलं.

"ती नाही," सून म्हणाली.

"अगं, बास झाला आता तो चिठ्ठ्यांचा नाद. आज हातचं काम गेलं असतं."

"गेलं असतं. आणि राग आलाय मला, खोटं नाही बोलणार. पण ती नाही काढायची." तिनं चिठ्ठीवर तळवा ठेवला. "माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा या खोलीला कधी ऑफिस म्हटलं नव्हतं, नाना."

तिनं उचकटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून परत बसवला आणि आत जाऊन खुर्चीत बसली. दार सताड उघडं होतं. नाना उंबऱ्याशीच घुटमळले, बोळा दुसऱ्या हातात घेतला आणि त्या उघड्या दारावर टकटक केली.

"या ना," सून म्हणाली.