पाणी सुटलं, पण कशाचं?

सत्यशीला पुणतांब्याच्या शेतकरी गटाचं मोबाईलचं काम बघायची. वरच्या धरणावरचा प्रोग्राम पाण्याची खबर गटाच्या प्रोग्रामला द्यायचा आणि हा ती सोप्या मराठीत गावाला कळवायचा. मध्ये माणूस नव्हताच.

त्या दुपारी निरोप आला : 'नदीला पाणी सुटलं आहे. मोटारी बसवून घ्या.'

उन्हाळ्यात असाच निरोप यायचा आणि पात्रात मोटारी ठेवायला गावाची झुंबड उडायची. पण आता ऐन पावसाळा. गावात पावसाने ओढ दिलेली, वर घाटात मात्र तो कोसळत होता. तिने धरणाकडून आलेला मूळ संदेश उघडला. 'विसर्ग. कारण : धरण भरले.'

गटाच्या प्रोग्रामला पाणी सोडण्याचं एकच कारण शिकवलं होतं, शेतीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी. पूर त्याला ठाऊकच नव्हता. त्याने जवळचा अर्थ लावून टाकला होता.

'नदीत उतरू नका, पूर येतोय,' असं सगळ्यांना कळवून तिने सासऱ्यांना, भिमाजींना फोन लावला. तो घरातच खुंटीवरच्या पिशवीत वाजला.

तिने स्कूटी काढली. काठावर पोचली तेव्हा भिमाजी आणि शेजारचा हनुमंत पात्रात मोटारीला दोर बांधत होते.

"आबा, वर या! पूर येतोय!"

"आगं, मोबाईलवरच आलंय की, मोटर बसवा म्हनून!"

"चुकीचं आलंय ते!"

हनुमंत धावत वर आला. भिमाजी दोर सोडेनात. "नवी मोटर हाय, पोरी."

ती चिखलात उतरली आणि तिने त्यांचा दंड धरून ओढतच त्यांना वर आणलं. काठावर दम घेतात न घेतात तोच गढूळ लोंढा आला आणि मोटार दिसेनाशी झाली. इतर सगळे वर असल्याची खात्री होईपर्यंत सत्यशीला एकेकाला फोन लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी धरणावरच्या इंजिनिअर राजनंदिनीबरोबर ती फोनवर बसली. दोन्ही प्रोग्रामचे शब्द त्यांनी एकेक करून ताडून पाहिले. न जुळणारा शब्द आला तर प्रोग्रामने अंदाज लावायचा नाही, समोरच्या प्रोग्रामला विचारायचं आणि माणसाला फोन करायचा, असं ठरलं.

भिमाजी ऐकत होते. "पन दोघान्लाबी वाटलं, आपल्याला कळलंय, तर कोन विचारनार?"

सत्यशीलाने राजनंदिनीला थांबायला सांगितलं आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, या वेळी जुळणाऱ्या शब्दांचाही अर्थ विचारत.