बसा आत, भावजी

बोट विकायची, हे भावजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. वहिनींना सांगितलं ते चहा पिता पिता, जुनं कपाट काढून टाकायचंय अशा थाटात.

"रविवारी येतोय तो माणूस. दादा गेला, आता ती बोट चालवणार कोण? नुसतं अंगण अडलंय."

"मी चालवणार," वहिनी म्हणाल्या.

भावजींना ठसकाच लागला.

भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. माणूस वाईट नाही हो, पण दुसऱ्याचं भलं कशात आहे हे यांना त्या दुसऱ्याच्या आधी कळतं! घर एकच, अंगण दोघांचं, आणि त्या अंगणात ट्रॉलीवर दादांची छोटी मोटारबोट उभी. दादांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून बोटीचं कापडी कव्हर कुणी हलवलंही नव्हतं. त्याच्यावर पानं कुजली, पक्ष्यांनी आपापले विधी उरकले, शिवणींवर काळी बुरशी चढली. पाणी झिरपून तळाशी डबकं साचलं आणि डबक्यात डासांनी बिऱ्हाड थाटलं. भावजींच्या तक्रारीत तथ्य होतं, हीच तर वहिनींची पंचाईत होती.

"आठवण म्हणून ठेवायचीय ना?" भावजी जरा मवाळ झाले. "मग छानसा फोटो काढून ठेवू की."

"आठवण कसली डोंबलाची! तुमच्या दादांनी जन्मभर मला मागच्या बाकावर बसवलं, मांडीवर डब्याची पिशवी देऊन. एकदा म्हटलं, द्या की मला स्टिअरिंग. तर म्हणाले, तुला नाही जमायचं, तू डबा सांभाळ. मला ती बोट चालवायचीय, भावजी. आठवणीबिठवणी तुम्ही काढा."

खोटं कशाला बोला, नवऱ्यावर वहिनींचा जीव होता. पण त्या एका वाक्याचा राग आला होता तो आलाच होता. नवरा गेला म्हणून राग थोडाच जातो?

"बरं," भावजी म्हणाले. "त्या कव्हरातून एक थेंब आत गेला नाही, तर बोट राहील. गेला, तर रविवारी बोटही जाईल. कबूल?"

"कबूल!" वहिनी म्हणाल्या, आणि बाह्या सरसावून अंगणात उतरल्या.

कव्हर फरशीवर पसरलं. कपड्यांची पावडर बादलीत कालवली, न्हाणीघर घासायचा कडक ब्रश घेतला आणि सगळा राग त्या कापडावर काढला. दुपारपर्यंत मूळचा निळा रंग वर आला. वहिनी स्वतःवरच खूश. वाळल्यावर भावजी मगभर पाणी घेऊन आले आणि दोरीवर झोळीसारख्या लोंबणाऱ्या कव्हरात मधोमध ओतलं. पाणी क्षणभरही थांबलं नाही, सरळ त्यांच्या चपलांवर.

"वहिनी, तुम्ही तर चाळण केलीत हो याची!" भावजी हसत हसत आत गेले.

मेलं कव्हर आधी कुठंकुठं गळत होतं, आता सगळीकडून गळायला लागलं. स्वतःच्या हातानं घालवली होती बोट.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. भावजींची बायको, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"ताई, माझा रेनकोट आठवतो? पावडरीत भिजवून घासला होता. दिसायला लख्ख, आणि बाहेर पडले तर आतून चिंब. अहो, कापडावर पाणी अडवायचा थर असतो. तोच धुऊन निघतो. पण परत चढवता येतो. तंबू विकतात ना, त्या दुकानात त्याचा स्प्रे मिळतो."

"पण तू का सांगतेयस? पैज तुझ्या नवऱ्याशी आहे."

"म्हणूनच," जाऊबाई म्हणाल्या. "मला गाडी शिकायची होती, ताई."

मग दोघींनी पहिल्यापासून सुरुवात केली. पावडरीचा अंश राहिला तर थर धरायचा नाही, म्हणून फेस यायचा थांबेपर्यंत साध्या पाण्यानं खळबळलं. शिवणींवरचे काळे डाग व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यानं, मऊ ब्रशनं, बाळाचं डोकं धुवावं तसे हलक्या हातानं काढले. मग वाळवणं. वहिनींना धीर कुठला! पण दुमडलेल्या जाड कडा ओल्या लागल्या की जाऊबाई डोळे वटारायच्या. कापड पुरतं कोरडं झालं तेव्हा स्प्रेचा पातळ हात मारला, तो वाळल्यावर दुसरा, आणि शिवणींवर जरा जास्तच. कव्हराची चेन अडकू नये म्हणून तिच्यावर मेणबत्ती फिरवली. बोटीतलं डबकं उपसून तळ पुसून घेतला.

"नवरीलासुद्धा कुणी इतकं नटवत नाही," भावजी जाता-येता म्हणत.

रविवारी ते पुन्हा मग घेऊन आले. कव्हर बोटीवर ताणून बसवलेलं होतं.

"मगानं काय होतंय?" वहिनी म्हणाल्या. "पाइप लावते. आणि तुम्ही बसा आत, भावजी."

"मी? आत?"

"थेंब आला की नाही, ते बाहेरून कसं कळणार? माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नाही. तुमच्या शब्दावर तरी ठेवू."

पैज स्वतःचीच, नाही म्हणायची सोय नव्हती. भावजी कुरकुरत आत शिरले. वहिनींनी चेन ओढली, जाऊबाईंनी नळ सोडला. वहिनींनी पाइप नेमका शिवणींवर धरला. जीव मुठीत होता. पाण्याचे मणी झाले आणि टपाटप घरंगळत फरशीवर आले.

"आला का थेंब?"

आतून नुसती खुडबूड. जाऊबाईंनी नळ आणखी मोठा केला.

"भावजी! आला का?"

"नाही आला, नाही आला! काढा मला बाहेर, घामाघूम झालोय!"

"घाम पैजेत नव्हता," जाऊबाई म्हणाल्या, आणि जरा वेळानं नळ बंद केला.

भावजी बाहेर आले. कपाळावर घाम होता, पण वरून गळलेला थेंब एकही नव्हता. दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि गिऱ्हाइकाला त्यांनीच फोन लावला. फोन ठेवेपर्यंत वहिनींनी घरातून पिशवी आणली होती.

"आता काय?"

"ट्रॉली गाडीला जोडा. पाण्यावर जायचंय."

बोट पाण्यात उतरली, तसे भावजी गाडीतल्या सवयीनं पुढच्या सीटकडे निघाले. वहिनी आधीच तिथं बसल्या होत्या.

"जमेल ना तुम्हाला?" भावजींनी विचारलं.

"मागच्या बाकावरून सगळं दिसतं, भावजी. जन्मभर बघितलंय मी."

इंजिन खोकलं आणि बंद पडलं. भावजींनी तोंड उघडलं, जाऊबाईंनी नुसतं बघितलं, त्यांनी मिटलं. वहिनींनी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन धडधडायला लागलं, आणि वहिनी इतक्या मोठ्यानं हसल्या की काठावरची माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि मागे न बघताच भावजींच्या हातात दिली.

"मागे बसा," त्या म्हणाल्या. "आणि डबा सांभाळा."