हिरडीचे टाके आणि टेसाचा पहिला लिलाव

माझा नवरा व्हर्लिन आमच्या नेब्रास्कातल्या गावात चाळीस वर्षं लिलाव पुकारतोय. दात तो भांडी घासल्यासारखे घासतो. त्यामुळे वरच्या हिरड्या सरकून दातांची मुळं उघडी पडली. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या टाळूची कातडी काढून, झाडाला कलम करतात तशी, पुढच्या हिरडीवर शिवली. पंधरा दिवस बोलायचं नाही, खळखळून हसायचं नाही, आणि ओठ वर करून टाके कुणाला दाखवायचे नाहीत, असं बजावलं. तिसरी अट त्याच्यासाठीच होती.

म्हणून शनिवारचा लिलाव आमच्या लेकीनं, टेसानं पुकारला. तिचा पहिलाच. निम्मं गाव ती कुठे चुकते ते बघायला आलं होतं. व्हर्लिन तिला लहानपणापासून सांगत आलाय, "कानाला हात लावला तरी ती बोली. हातोडा पडला की सख्ख्या आईचीही गय नाही. एकदा ढिली पडलीस की संपलीस."

बंद पडलेल्या थिएटरचं पॉपकॉर्नचं यंत्र लिलावाला निघालं. चर्चच्या क्रोगरबाईंनी बोलीचं कार्ड वर केलं. तेवढ्यात शेजारी बसलेला डेल्मर म्हणाला, "बघू रे, कसं शिवलंय?" व्हर्लिननं बोटानं ओठ उचलला.

"बाबांची बोली," टेसा म्हणाली.

क्रोगरबाईंनी पुन्हा कार्ड वर केलं. मागून आर्लो कुरकुरला, "मला कुठे दिसलं?" मी कोपर मारेपर्यंत ओठ वर गेला होता. क्रोगरबाईंनी मान हलवून कार्ड पर्समध्ये टाकलं, आणि व्हर्लिनच्या नावावर हातोडा पडला.

व्हर्लिन ताडकन उठला. पॉपकॉर्न तर त्याला कितीतरी महिने वर्ज्य. दोन्ही हात हलवून तो नको नको करू लागला. टेसाचा चेहरा पांढरा पडला. बापासाठी पोरगी ढिली पडते का, एवढंच सगळ्यांना बघायचं होतं.

"बाबा, खाली बस," ती म्हणाली. "तुला बोलायला बंदी आहे. आणि ओठ उचलला तरी ती बोलीच. चला, पुढचा माल."

व्हर्लिन बसला. डोळे भरलेले, आणि हसू इतकं रुंद की सगळे टाके दिसत होते. त्याचा ओठ खाली ओढायला माझा हात उठणार होता, पण टेसाची नजर आमच्याच रांगेवर होती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.