धवलारणीच्या पायातला मोजा

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे. एकच. जोडीतला दुसरा कुठे आहे ते पुढे येईलच. माझा रंग मूळचा राखाडी. घोट्यापाशी एक पिवळा डाग आहे. तो मळाचा नाही, मानाचा आहे.

आमच्या नावात एक गंमत आहे. मराठीत 'मोजा' म्हटलं की ती पायात घालायची वस्तूही होते आणि हुकूमही होतो. सदऱ्याला हे भाग्य नाही, तो कुणाला काही करायला सांगत नाही. माझं आयुष्य या दोन अर्थांच्या मधल्या फटीत गेलं.

मोजे विणायच्या एका यंत्राने मला गोल गोल विणलं, टाचेपाशी थोडा विचार केला आणि बोटांकडून बंद करून बाहेर टाकलं. तिथून गठ्ठ्यात बांधून भिवंडीला आलो आणि एसटी स्टँडजवळच्या हातगाडीवर पडलो. भिवंडी हे कापडाचं गाव. उभ्या आणि आडव्या धाग्याची गाठ पडल्याशिवाय इथे कुणी कशाला कापड म्हणत नाही. एका लूमवाल्याने मला ताणून पाहिलं, "ये कपडा नहीं, जाली है" म्हणाला आणि परत फेकलं. त्या अपमानातून मला डॉक्टर मितेश यांनी सोडवलं. त्यांनीही मला निरखून घेतलं असं नाही. घाईत होते.

डॉक्टर मितेश हाडांचे डॉक्टर होण्याच्या बेतात होते. म्हणजे हाडं जोडायला त्यांना येत होतं, पण येतं असं जगाने मानायला एक प्रबंध लिहावा लागतो, तो राहिला होता. कामतघरच्या बाजूला असलेल्या त्यांच्या इस्पितळात नेत्रामॅडम नावाच्या मोठ्या सर्जन होत्या. खुब्याचा मोडलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवायचा, आणि तो बसवताना मागचे स्नायू न कापता नुसते बाजूला सारायचे, ही त्यांची पद्धत. अशा पेशंटना इतरांपेक्षा लवकर आराम पडतो का, हे डॉक्टर मितेश शोधत होते.

आराम पडला हे ओळखायचं कसं? माणसाकडे बघून ओळखणं शास्त्रात बसत नाही. त्यासाठी थंड देशातल्या विद्वानांनी तयार केलेले प्रश्न होते. प्रत्येक उत्तराला गुण.

मी हे सगळं टेबलाखालून पाहिलं. माझी माणसांशी ओळख पायांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. लूमवर उभं राहणाऱ्यांच्या नखांत कापसाचा भुसा असे. पडघ्याच्या ट्रक ड्रायव्हरांची उजवी चप्पल डावीपेक्षा जास्त झिजलेली असे. शेतावरच्या बायकांच्या टाचांच्या भेगांत माती अशी बसलेली, की तिच्यात काही उगवलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. पण टेबलापलीकडे मला माझा एकही जातभाई कधी दिसला नाही. संशोधनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची होती. मात्र मोज्याचं मत घ्यायची पद्धत नव्हती.

एके दिवशी टेबलापलीकडे धोंडूबाईंचे पाय आले. धोंडूबाई खारबावकडच्या. आगरी लग्नात धवले गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. ती गायल्याशिवाय हळद लागत नाही आणि नवरी उठत नाही. धोंडूबाई ही अशी धवलारीण. आदल्या हंगामात एका मांडवात आहेराच्या प्लास्टिकच्या पिशवीवरून घसरल्या आणि डावा खुबा मोडला. नेत्रामॅडमनी नवा गोळा बसवला. आता तपासणीला आल्या होत्या, मुलगा नवशा सोबत. काठी होती, पण ती नवशाच्या हातात.

डॉक्टर मितेश यांनी विचारलं, "आजी, मोजे घालता येतात का?"

"न्हाय," धोंडूबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही?"

"अजिबात न्हाय."

"पाय मोडायच्या आधी यायचे?"

"आदी बी न्हाय."

डॉक्टरांनी हळहळून पेन टेकवलं. म्हणजे दुखणं जुनंच. मग विचारलं, बसमध्ये चढता येतं का. न्हाय. खुर्चीवर तासभर बसता येतं का. न्हाय. धोंडूबाई खऱ्या बोलणाऱ्या होत्या आणि विचारलं तेवढंच सांगत होत्या. डॉक्टर शिकलेले होते आणि सांगितलं तेवढंच लिहीत होते. अशा दोन माणसांची गाठ पडली की मोठा घोटाळा व्हायला तिसऱ्याची गरज लागत नाही.

गुणांची बेरीज झाली. धोंडूबाई नापास.

नेत्रामॅडमनी एक्स-रे उजेडासमोर धरला. गोळा जागेवर होता, दिमाखात बसला होता. कागदावर मात्र बाई अपंग होती. आणि ही अपंग बाई तेवढ्या वेळात उठून, पाणी पिऊन, बाहेरच्या बाकावरच्या ओळखीच्या बाईशी भांडून परत आली होती. पण एक्स-रे एक म्हणतो आणि गुण दुसरं म्हणतात म्हटल्यावर मॅडमना स्वस्थता वाटेना. त्यांनी ठरवलं, भूल देऊन सांधा हलवून बघायचा, आणि तसंच काही निघालं तर पुन्हा उघडायचा. दिवस मंगळवार.

मंगळवारी गावात मृणालीची हळद होती. मृणाली शेजारची, धोंडूबाईंच्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिची हळद दुसऱ्या कुणी गायची म्हणजे ती पलीकडच्या गावच्या जानकीबाईने. ही जानकीबाई गेली कित्येक वर्षं धोंडूबाईंच्या गावात पाय टाकायला टपलेली. तिचा आवाज चांगला होता, हेच तिचं सर्वांत वाईट. धोंडूबाईंच्या लेखी एकदा मांडव गेला की गाव गेलं.

त्यांनी नवशाला विनवून पाहिलं. नवशा म्हणाला, डॉक्टर सांगतील ते ऐकायचं. मग त्या पाटासारख्या सरळ बसून राहिल्या. एवढ्यात भरती करून घ्यायच्या आधी समजावून सांगायला नेत्रामॅडम स्वतः आल्या. पुन्हा उघडावं लागलं तर काय काय होऊ शकतं, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. रक्त चढवावं लागेल, जंतू शिरू शकतात, या वयात भूल जड जाते. नवशाच्या हातातली काठी खाली पडली.

धोंडूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टर मितेशकडे वळल्या.

"ज्या मोज्यापायी मी नापास, तो मोजा मना दाखव तरी."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. इस्पितळात प्लास्टर होतं, सळया होत्या, स्क्रू होते, करवतही होती. मोजा नव्हता. असलेले दोन त्यांच्या पायात होते. मॅडम बघत होत्या. डॉक्टर खाली वाकले, बूट सोडला आणि मला काढलं.

मित्रांनो, त्या क्षणाचं वर्णन मी अभिमानाने केलं असतं. पण मी सलग तिसऱ्या दिवशी पायात होतो. नेत्रामॅडमनी खिडकी उघडली. धोंडूबाईंनी मला दोन बोटांत उचललं आणि म्हणाल्या, "हा जिता हाय का मेलाय?"

मग डाव्या पायाची घडी उजव्या गुडघ्यावर घातली, तोंड फाकवलं, म्हणजे माझं, आणि मला एका ओढीत घोट्याच्या वर नेलं. टाच तेवढी उलट्या बाजूला आली, पण टाचेला गुण नव्हते.

एका माणसाचा प्रबंध आणि एका बाईचा खुबा, दोन्ही माझ्यावर लटकलेले होते, आणि मी उलटा होतो.

"आजी," डॉक्टर मितेश अखेर म्हणाले, "मग येत नाहीत असं का सांगितलंत?"

"आरं बाला, जल्मात घातले न्हाय, तर येतात असं कसं सांगू? खोटं बोलू? उद्या इमान चालवता येतं का इचारशील. न्हायच म्हनीन. ते काय खुब्याचं दुखनं हाय?"

नेत्रामॅडमनी स्टूल ओढलं आणि बाकीचे प्रश्न स्वतः पुन्हा विचारले. बस? धोंडूबाईंच्या पाड्यावर बस येतच नव्हती. चढणार कशात? टमटममध्ये त्या रोज चढत. आणि खुर्ची?

"घरात खुर्ची एकच," धोंडूबाई म्हणाल्या. "तिच्यावर ह्यो बसतो."

नवशा खिडकीबाहेर बघू लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवारचं ऑपरेशन रद्द झालं. मॅडमनी एक अट घातली, आणि ती घालताना पहिल्यांदाच आवाज चढवला. जमिनीवर बसायचं नाही, पाटावर नाही, उकिडवं तर मुळीच नाही. गायचं तर उंच खुर्चीवर बसून. पाटावर बसल्याशिवाय धवला म्हणता येतो का, यावर थोडी घासाघीस झाली, पण जानकीबाईची आठवण येताच धोंडूबाईंनी खुर्ची मान्य केली. डॉक्टर मितेश इतके सुटल्यासारखे झाले होते की बोलून गेले, "छान जमलं आजी, असाच घालत जा."

त्यांना सराव म्हणायचा होता. धोंडूबाईंना औषध ऐकू आलं.

त्या मला घालूनच उठल्या, घालूनच टमटममध्ये बसल्या. घाल असं डॉक्टर म्हणाले होते, काढ असं कुणी म्हणालं नव्हतं. डॉक्टर मितेश यांनी त्या दिवशीचा राऊंड एका बुटात मोज्यासकट पाय आणि दुसऱ्या बुटात उघडा पाय असा घेतला. विचारायची छाती कुणाला झाली नाही.

मंगळवारी मी मांडवात होतो. नवशाने घरची खुर्ची स्वतः खांद्यावरून आणली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आईला तिच्यावर बसवलं. जानकीबाई पाहुणी म्हणून आली होती, पाहुण्यासारखी बसली नव्हती. तिने मला पाहिलं.

"धोंडू, एकच मोजा? दुसरा उंदरानं नेला का?"

"एकच पाय मोडला, म्हनून एकच मोजा. डाक्टर काय येडा हाय?"

जानकीबाई पुढचं काही बोलायच्या आत धवला सुरू झाला. मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, बहुतेक कण्हण्याचे. हा वेगळा होता. धोंडूबाईंनी देवाला बोलावलं, गावाला बोलावलं आणि मग एक ओळ अशी घातली, जी कुठल्या सासूने सुनेला शिकवलेली नव्हती:

पयलं आवतन देवाला गो, दुसरं आवतन गावाला,
तिसरं आवतन मोज्याला गो, ज्यानं राखलं पायाला.

बायका हसल्या, मृणाली हसली, तिच्या हातून हळद सांडली ती माझ्या घोट्यावर. हाच तो डाग.

पण गावाने त्या ओळीचा फारच मनापासून अर्थ घेतला. गावाचा हिशेब सरळ होता. ऑपरेशन झालं तेव्हा बाई काठी घेऊन चालत होती. मोजा मिळाला आणि बाई लग्नात गायली. तेव्हा गुण कुणाचा? शिकलेले लोकही पुष्कळदा याहून फार वेगळा हिशेब मांडत नाहीत, फक्त तक्ते काढतात. इस्पितळात लोक येऊन विचारू लागले, ते कापायचं नको, तो मोजा द्या. चिंधू नावाचा एक गडी तर गळ्याजवळचं हाड मोडून आला आणि म्हणाला, मला घातला तर चालेल का. कुठे घालणार, हे त्याने ठरवलं नव्हतं.

आधी डॉक्टर मितेश प्रत्येकाला तासतास समजावत. मग थकले. माझा जोडीदार त्यांच्या खणात एकटा पडला होता. तो त्यांनी धुतला, हे महत्त्वाचं, आणि तपासणीच्या टेबलावर ठेवला. जो येई त्याला नुसतं विचारायचं नाही, "घालून दाखवा" म्हणायचं. प्रश्नही बदलले. पायात गेलेला काटा स्वतः काढता येतो का? टमटममध्ये चढता येतं का? टाचेला तेल लावता येतं का? या बातम्या नवशा इस्पितळातून आणून घरी आईला सांगे आणि मी तिच्या पायातून ऐके. नापास झालेले बरेच पेशंट घरबसल्या पास झाले म्हणे. मॅडमची पद्धत चांगली ठरली, प्रबंध मंजूर झाला, सुरुवातीच्या पानावर गुरूंचे, आईवडिलांचे आणि एका छापखान्याचे आभार आले. मोज्यांचे नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, असं म्हणण्याचा प्रघात आहे.

कौतुक फार टिकत नाही, मित्रांनो. माझं तोंड सैल झालं. मी घोट्यावरून घसरायला लागलो, आणि घसरणारा मोजा धवलारणीच्या पायात धोका असतो, हे डॉक्टर मितेश यांनीच सांगितलं. धोंडूबाईंनी मला काढलं. फेकतील असं वाटलं होतं. त्यांनी मला खुर्चीकडे नेलं.

मांडवातून परतताना त्या खुर्चीचा एक पाय आपटून आखूड झाला होता. बसलं की डुगडुगे. नवशा म्हणाला, सुताराकडे नेतो, बाकीचे तीन पाय कापून सारखे करू. धोंडूबाई म्हणाल्या, उगा कापायचं न्हाय, आदी बघायचं. त्यांनी माझी घडी केली, खुर्चीच्या आखूड पायाखाली घातली आणि दोरीने बांधली. खुर्ची सरळ उभी राहिली. बिनऑपरेशनची.

तेव्हापासून मी इथेच असतो. त्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसत नाही. नवशा पाटावर बसतो.

आता जाता जाता एवढंच मागतो. मोजे रोज धुवा, कारण ते कुणासमोर काढायची वेळ येईल सांगता येत नाही. आणि तुमच्यातलं कुणी पुढे डॉक्टर झालंच, तर माणसाला खुशाल मोजा. पण पेन उचलण्याआधी एकदा वाकून टेबलाखाली बघा, समोरचा काय घालून आलाय.

पुरे करतो. धवल्याच्या तालमीची वेळ झाली, आजी बसायला येताहेत. मला ताठ उभं राहायला हवं.