रिकाम्या स्लॉटचं उत्तर

मला ऑफिसात सगळे पोथी म्हणतात. मशिनींची जाडजूड मॅन्युअलं मला पानांच्या आकड्यांसकट पाठ आहेत म्हणून. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

बावीस वर्षांपूर्वी मी एक फाइल लिहिली. कॉम्प्युटर सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रत्येक स्लॉटची, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेची, चौकशी करतो: कोण बसलंय, कुठल्या कंपनीचं, किती जागा लागेल? ती चौकशी करणारी ही फाइल. पुढे दुसऱ्या घडणीची मशीन आली, मग तिसऱ्या. प्रत्येकीला विचारायची तऱ्हा वेगळी. एकीला ठरलेल्या पोर्टमधून विचारायचं, दुसरीला मेमरीतल्या पत्त्यावर, तिसरी तर आकडे उलट्या क्रमाने हातात ठेवते. लोकांनी माझी फाइल उतरवून घेतली, चार ओळी बदलल्या, झालं. एकीतली दुरुस्ती उरलेल्या दोघींपर्यंत पोचायला वर्ष जायचं.

मग माझी भाची आमच्या गटात आली. ताईने फोनवर बजावलं होतं, "तुझ्या हाताखाली राहील, सांभाळून घे." सांभाळायचं कसलं? घरी मला अरे-तुरे करणारी ही पोरगी ऑफिसात कटाक्षाने सर म्हणायची, आणि सहाव्याच महिन्यात म्हणाली की तिन्ही फाइली काढून टाकू. प्रश्न एकाच ठिकाणी लिहायचे; आपल्याकडे वाचायचं कसं आणि लिहायचं कसं, एवढंच प्रत्येक मशिनीने आपल्यापुरतं सांगायचं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस तिच्या बेतात खोट शोधली. सापडली नाही, याचा राग वेगळाच.

वर्षभर खपून तिने ते उभं केलं. आमच्या गटाच्या प्रमुखबाईंनी अट घातली: शुक्रवारी सगळ्यांसमोर तिन्ही मशिनी तिच्या कोडवर सुरू व्हायला हव्यात. एक जरी अडली तर जुन्या फाइली राहतील आणि तिचं काम कपाटात जाईल.

शुक्रवारी सकाळी पहिल्या दोन सुरळीत सुरू झाल्या. तिसरी मध्येच गोठली. स्क्रीनवर अर्धी ओळ, पुढे ढिम्म. भाचीने झाकण उघडलं. दोनपैकी एक कार्ड आदल्या दिवशी दुरुस्तीला गेलं होतं, त्याचा स्लॉट रिकामा होता. तिने वर्षभर दोन्ही स्लॉट भरलेले असतानाच तपासलं होतं.

माझ्या फाइलीत मी शेरा लिहून ठेवला होता, "रिकाम्या स्लॉटला खुशाल विचारा, नुसते एक येतील." पहिल्या दोन मशिनींवर ते शंभर टक्के खरं. तिथे एक, एक, एक असे आकडे आले की समजायचं, घरात कोणी नाही. तिसरी मशीन मात्र रिकाम्या स्लॉटच्या उत्तराची वाट बघत जन्मभर उभी राहते. भाचीने ती ओळ माझ्यावर विश्वासून जशीच्या तशी घेतली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तपासायला हवं होतं." माझं नाव तिने घेतलं नाही.

गप्प बसलो असतो तर माझी फाइल टिकली असती. कबूल करतो, मोह झाला; मी आधी घोटभर पाणी प्यायलो. मग उठलो.

"ती ओळ माझी आहे, बावीस वर्षांपूर्वीची. तिसऱ्या मशिनीच्या जुन्या फाइलीतही तीच आहे. गिऱ्हाइकांच्या मशिनी गोठतात म्हणून आपण तीन वर्षं वायरिंगला शिव्या घालतोय."

प्रमुखबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि भाचीला चार वाजेपर्यंत वेळ दिला.

ती तीनलाच परत आली. प्रश्न विचारणाऱ्या कोडला तिने हातही लावला नव्हता. फक्त तिसऱ्या मशिनीच्या वाचायच्या तऱ्हेत सात ओळी वाढल्या होत्या: आधी स्लॉटमध्ये कोणी आहे का ते बघ, नसेल तर विचारूच नकोस, आपणच एक, एक, एक असं सांगून मोकळा हो. मशीन बंद करून तिने सगळ्यांदेखत उरलेलं कार्डही काढून टेबलावर ठेवलं. मशीन सुरू झाली, दोन्ही स्लॉट रिकामे आहेत असं तिने स्क्रीनवर दाखवलं आणि पुढे चालू लागली. गुरूची विद्या गुरूला, असं मागे कोणीतरी पुटपुटलं. पुटपुटेना का. मला तिचा इतका अभिमान वाटला की नाक पुसायला रुमाल काढावा लागला.

प्रमुखबाईंनी तो कोड त्याच दिवशी भाचीच्या नावावर केला. जुन्या तीन फाइली काढायचं काम मी मागून घेतलं. काढता काढता तिच्या नव्या कोडमध्ये मला माझी ओळ दिसली, शब्द न् शब्द तीच. ही खोटी ओळ कशाला ठेवलीस, मी विचारलं.

"खोटी कुठे होती, मामा?" ऑफिसात ती पहिल्यांदाच मामा म्हणाली. "दोन मशिनींवर खरी होती. आता तिन्हींवर खरी आहे."

संध्याकाळी ताईचा नेहमीचा फोन आला. पोरगी तुझ्या हाताखाली नीट आहे ना, असं तिने विचारलं.

"आता मीच तिच्या हाताखाली आहे, ताई," मी म्हणालो. "आणि ती मला चांगलं सांभाळून घेते."