फुकट्यासाठी भोंगा

आमच्या बोटीवर एक नियम आहे आणि तो माझा आहे. मासा गळाला लागल्यापासून बोटीत येईपर्यंत ज्याचा रॉड त्याचाच हात. दुसऱ्या कोणाचं बोट जरी रॉडला, रिळाला किंवा दोऱ्याला लागलं, तरी तो मासा मोजायचा नाही. खा, सोडून द्या, काय हवं ते करा, पण मिरवायचा नाही. मासा आत आला की पाहुणा मला विचारतो, "हात?" मी "स्वच्छ" म्हटलं तर बंदरात शिरताना माझा धाकटा भाऊ भोंगा वाजवतो. "लागला" म्हटलं तर आम्ही मुकाट्याने शिरतो. धाकटा कप्तान आहे. मी डेकवर असते, आकडी घेऊन. मोठा मासा कडेला आला की त्याला आत घ्यायचं काम माझं. बंदरावर मलाच आकडी म्हणतात, आणि ते हातातल्या वस्तूमुळे नव्हे. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्याती आहे. असू दे.

त्या दिवशी बाप-लेक आले. लेक चाळिशीचा, म्हणजे चांगला घोडा, पण मी त्याला मनात चिरंजीवच म्हणायला लागले. पिशव्या त्याच्याकडे, पाण्याची बाटली त्याच्याकडे, बापाची टोपीसुद्धा त्याच्याकडे. फळीवरून बोटीत उतरताना त्याने बापाला दोन्ही काखांत धरून उचललं. बापाने चेहरा असा केला की मला त्याच क्षणी चिरंजीवांचा राग आला.

काकांना कंपवात होता. उजवा हात सारखा हलायचा, डावा अधूनमधून. धाकट्याला पाहुण्याला खूश करायची सवय आहे. तो म्हणाला, "काका, तुम्हाला तर काही करावंच लागणार नाही. तुमच्या हाताने जिग आपोआप नाचेल."

"थापा मारू नकोस," मी म्हटलं. "एवढ्या खोल पाण्यात ती थरथर कुठे पोचत नाही. काका, झटका मारावाच लागेल."

काकांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "मारू," ते म्हणाले.

आमच्या मासेमारीत आमिष नसतं. जिग म्हणजे शिशाची माशासारखी चकचकीत पट्टी, तिला दोन गळ. धाकटा केबिनमधल्या यंत्राच्या पडद्यावर बुडालेला खडक शोधतो, इंजिन बंद करून बोट त्याच्यावरून वाहू देतो आणि ओरडतो, "टाका." जिग सरळ खाली सोडायची, तळाला टेकली की दोन वेढे वर घ्यायची आणि मग झटका, वेढा, झटका, वेढा. जिग खाली जखमी माशासारखी पडते आणि मोठा मासा फसतो. ऐकायला सोपं आहे. दुपारपर्यंत तरण्याबांड माणसाचे खांदे बोलायला लागतात.

पहिल्या फेऱ्यांत काही लागलं नाही. मधल्या वेळात काका बोलत होते. त्यांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली दुसरा ब्रेक. "स्टिअरिंगला कधी हात लावला नाही," ते म्हणाले. "आपण हात लावला की समोरचा शिकत नाही. त्याला वाटतं, आहे ना हा. याला शिकवलं तेव्हा यानं आमचंच फाटक ठोकलं."

"बाबा, ते कशाला आता," चिरंजीव म्हणाले आणि बापाच्या मानेवर उन्हाचं मलम चोळायला लागले.

"स्वतःचं लायसन मी स्वतः परत दिलं," काका मला म्हणाले. "बटणं सून लावते. दाढी हा करतो. चांगलं करतात, तक्रार नाही. पण मला एक मासा हवाय, ताई. ज्याला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, असा. तुमच्या नियमाचं ऐकून आलोय मी. दुसऱ्या बोटीवर गेलो असतो तर यानंच धरला असता आणि सगळे मला शाबासकी देत बसले असते."

चिरंजीव हसले, पण कसनुसं.

मग तो लागला. रॉड एकदम वाकला आणि काकांच्या तोंडून फक्त "हं" एवढंच निघालं. दोरा जसा पळत होता त्यावरून मी ओळखलं, जावई. पाहुणे त्याला ट्रेव्हॅली म्हणतात. रुंद कपाळाचा, रुपेरी, महाहट्टी मासा. आम्ही जावई म्हणतो, कारण आणताना घरच्यांचा जीव जातो आणि आल्यावर प्रत्येकाला त्याच्याशेजारी उभं राहून फोटो हवा असतो.

"ब्रेक थोडा सोडा काका," मी म्हटलं. रिळालाही ब्रेक असतो.

"ब्रेकचं मला सांगू नका," ते म्हणाले. त्या अवस्थेतही.

मासा खडकाकडे जायला बघत होता. काका ओढत होते, थांबत होते, पुन्हा ओढत होते. रिळाची मूठ हातातून निसटायची, ते पुन्हा शोधायचे. चिरंजीव मागे उभे राहून स्वतःच्याच मुठी आवळत होते. बोट डोलली आणि काकांचा तोल गेला. मी म्हटलं, "पट्ट्याला धरा. कमरेच्या. माणसाला धरलेलं चालतं, रॉडला नाही." चिरंजीवांनी पट्टा धरला. मला वाटलं, चला, याला अक्कल आली.

माशाने शेवटची मुसंडी मारली तेव्हा रॉड कठड्यावर आपटला. काकांचा डावा हात सुटला. त्याच वेळी चिरंजीवांनी मागून हात घातला आणि रॉड खालून उचलून धरला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. काकांचा हात परत जागेवर आला तेव्हा चिरंजीवांनी स्वतःचा काढून घेतला. काका पाण्याकडे बघत होते. त्यांच्या बोटांना आता फारसं कळतही नसावं. त्यांना पत्ता लागला नाही.

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

मासा वर आला. मी आकडी बाजूला ठेवली, हातमोजे घालून त्याला शेपटीला धरून आत घेतलं. मोठा होता, त्या हंगामातला सगळ्यात मोठा म्हटलं तरी चालेल. काका बाकावर बसले, धाप लागलेली, दोन्ही हात मांडीवर थडथडत होते. इतका आनंदी म्हातारा मी फार दिवसांत बघितला नव्हता.

"हात?" त्यांनी विचारलं.

धाकटा केबिनमधून मान हलवत होता: म्हण, म्हण. चिरंजीव बापाच्या पाठीमागून नुसते डोळ्यांनी गयावया करत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मला त्या माणसाचा मासा काढून घ्यायचा नव्हता. पण स्वच्छ म्हटलं असतं तर त्याची बटणं लावणाऱ्यांत आणखी एकीची भर पडली असती.

"लागला," मी म्हटलं.

काकांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

"कोणाचा?"

"मागचा."

"बाबा, रॉड गेला असता," चिरंजीव म्हणाले. "काय फरक पडतो? एवढा वेळ तुम्हीच तर झुंजलात."

"गेला असता तर गेला असता. तू फाटक ठोकलंस तेव्हा मी स्टिअरिंग धरलं होतं?"

"ब्रेक मारला होतात ना?"

"मारला. फाटक लागल्यावर."

धाकट्याला हसू आलं, त्याने खोकल्यात दडपलं. चिरंजीवांना मात्र नाही आलं. काका माझ्याकडे वळले. "परवा माझ्या हातून चहा सांडला तर सून म्हणाली, कपच गळका आहे. डॉक्टर म्हणतो छान दिसताय. घरात खरं बोलायचं सगळ्यांनी सोडूनच दिलंय. सोडा त्याला, ताई."

मी जावयाला डोकं खाली करून पाण्यात सोडलं. तो सरळ खाली गेला, एकदाही वळून न बघता.

चिरंजीव पुढे टोकाला जाऊन बसले. बऱ्याच वेळाने मी त्यांना पाणी द्यायला गेले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"मला ते बघवत नाही हो," ते म्हणाले.

"मग बघू नका. समुद्र केवढा आहे, दुसरीकडे बघा."

शेवटच्या फेरीला काकांच्या खांद्यांत काही उरलं नव्हतं. झटका म्हणजे नुसतं रॉड हलवणं. मी सांगणार होते, राहू द्या. नाही सांगितलं. जिग तळाशीच लोळत होती. मग रॉडचं टोक जरासं लवलं.

"काहीतरी आहे," काका म्हणाले.

ते जे काही होतं त्याने झुंज अशी दिलीच नाही. पण काकांना तेवढा दोरा गुंडाळायला जावयापेक्षा जास्त वेळ लागला. मूठ निसटायची, थांबायचे, शोधायचे. चिरंजीव पुढे पाठ करून बसले होते. एकदाच त्यांचे खांदे वर झाले आणि पुन्हा खाली आले.

वर आला तो फुकट्या, बाजारात फुकटही न खपणारा मासा. सरड्याचं तोंड, वीतभर अंग, त्यात नुसते काटे आणि दात. तळाशी लोळत असतो आणि समोरून जाईल ते चावतो. बोटीवर तो लागला की पाहुण्याची दिवसभर टिंगल होते. काकांनी स्वतःच रॉड उचलून त्याला आत घेतलं. तो डेकवर तडफडला.

"हात?" काकांनी विचारलं.

"स्वच्छ," मी म्हटलं.

बंदर दिसायला लागलं तशी मी केबिनमध्ये गेले. "भोंगा," मी म्हटलं.

"फुकट्यासाठी?" धाकटा म्हणाला. "ताई, धंद्याची लाज घालवशील."

"नियम काय आहे?"

"हात स्वच्छ असेल तर."

"मग?"

त्याने वाजवला, आणि चिडून चांगला लांबलचक वाजवला. धक्क्यावरची माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. बर्फवाला ओरडला, "कुठाय? दाखवा." काकांनी फुकट्याला शेपटीने धरून वर केलं. हात हलत होता, त्यामुळे मासा मेलेला असून नाचत होता. सगळे पोट धरून हसले. काका सगळ्यांत जास्त हसले. चिरंजीवांनी फोटो काढला, तो हललेला आला. दुसरा काढा, असं कोणी म्हटलं नाही.

मी डेक धुवायला घेतला. त्यांची गाडी धक्क्यासमोरच उभी होती. फळीवरून काका एकटे उतरले, हळू. चिरंजीव मागून पिशव्या घेऊन. काका शेजारच्या सीटवर बसले, त्यांच्या जुन्या जागेवर. चिरंजीव गाडी चालवायला बसले, आणि सवयीने बापाचा सीटचा पट्टा लावायला त्यांचा हात पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले. शेजारी काका स्वतःच पट्ट्याची खाच शोधत होते.

माझा डेक धुऊन झाला, दोरखंड गुंडाळून झाले, तरी गाडी तिथेच उभी होती.